वेर्नर फोर्समान: स्वतःच्या हातातून हृदयापर्यंत नळी नेणारा डॉक्टर

अपघातात खूप रक्त गेलेला, जुलाब-उलट्यांनी पार सुकलेला किंवा फिट येऊन बेशुद्ध पडलेला रुग्ण कॅज्युअल्टीत आला, की पहिल्या काही मिनिटांत एक काम व्हावेच लागते. शिरेत सुई लागली पाहिजे. सलाईन, रक्त, अ‍ॅड्रेनलिन, फिट थांबवणारे इंजेक्शन, सगळे त्याच वाटेने जाते. आणि नेमकी अशाच रुग्णाची शीर सापडत नाही. रक्तदाब घसरला की शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आखडते आणि शिरा चपट्या होतात. मग एका हातावर दोनदा, दुसऱ्या हातावर तीनदा टोचाटोची होते. बाहेर नातेवाईक घड्याळ बघत असतात आणि आत डॉक्टरही.

आता अनेक मोठ्या रुग्णालयांत अशा वेळी सोनोग्राफीचे छोटे मशीन खाटेजवळ आणतात. दंडावर प्रोब ठेवला की आतली शीर पडद्यावर दिसते आणि सुई बघत बघत आत नेता येते. या पद्धतीमागे दोन कल्पना आहेत. पहिली, तातडीच्या वेळी हाताच्या शिरेतून औषध थेट हृदयाच्या दिशेने पाठवता येते. दुसरी, शरीरात काही घालायचे तर ते कुठे चालले आहे हे डोळ्यांनी पाहत घालावे. या दोन्ही कल्पना १९२९ साली एका तरुण जर्मन डॉक्टरने एकत्र आणल्या आणि त्यासाठी स्वतःचाच हात वापरला. त्यांचे नाव वेर्नर फोर्समान. त्यांच्या आयुष्यात कौतुक करण्यासारखे जसे पुष्कळ आहे, तसे खटकणारेही आहे. या लेखात दोन्ही पाहू.

बालपण आणि शिक्षण

फोर्समान यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०४ रोजी बर्लिनमध्ये झाला. ते आईवडिलांचे एकुलते एक. वडील कायद्याचे पदवीधर होते आणि पहिल्या महायुद्धात मारले गेले, तेव्हा वेर्नर शाळेत होते. पुढचे घर आई आणि आजीने चालवले. एक काका डॉक्टर होते आणि त्यांच्याकडे पाहून या मुलाला वैद्यकीची ओढ लागली, असे ते पुढे सांगत. १९२२ मध्ये त्यांनी बर्लिन विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण सुरू केले.

विद्यार्थिदशेत त्यांच्या पाहण्यात एक जुने चित्र आले. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये शोव्हो आणि मारे या शास्त्रज्ञांनी घोड्याच्या मानेतल्या शिरेतून नळी घालून ती हृदयापर्यंत नेली होती आणि हृदयातला दाब मोजला होता. घोडा शांत उभा राहिला होता आणि त्याला काही झाले नव्हते. घोड्याला चालते ते माणसाला का चालू नये, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला.

त्या काळची अडचण काय होती?

प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता. त्या काळी हृदय बंद पडत असलेल्या रुग्णाला वाचवण्याचा शेवटचा उपाय म्हणून छातीतून लांब सुई थेट हृदयात खुपसून अ‍ॅड्रेनलिन देत. सुई अंदाजानेच घालावी लागे. ती हृदयाला रक्त पुरवणारी धमनी फाडू शके, फुप्फुसाला भोक पाडू शके. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचले तर हृदय दाबले जाऊन रुग्ण दगावे. म्हणजे उपायच जिवावर बेतायचा.

हाताच्या शिरेत इंजेक्शन दिले तरी ज्याचे रक्ताभिसरण जवळजवळ थांबले आहे त्याच्या बाबतीत औषध हातातच रेंगाळते. फोर्समान यांचा विचार सरळ होता. हाताच्या शिरेतले रक्त शेवटी हृदयाच्या उजव्या बाजूलाच जाते. मग त्याच शिरेतून एक बारीक नळी पुढे पुढे नेली तर तीही तिथेच पोचेल. छातीला हात न लावता औषध हृदयापाशी सोडता येईल.

शंका घेणारे पुष्कळ होते. परकी वस्तू हृदयाला आतून टेकली तर हृदय बंद पडेल, नळीभोवती गुठळी होईल, शीर आतून सोलली जाईल. तेव्हाच्या माहितीनुसार या शंका अगदीच पोकळ नव्हत्या.

एबर्सवाल्डेचे रुग्णालय, १९२९

शिक्षण संपल्यावर फोर्समान बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे या गावी ऑगुस्टे-व्हिक्टोरिया रुग्णालयात उमेदवारी करू लागले. तिथले प्रमुख शल्यविशारद रिचर्ड श्नायडर त्यांच्या ओळखीचे होते. फोर्समान यांनी त्यांच्याकडे स्वतःवर प्रयोग करण्याची परवानगी मागितली. श्नायडर यांनी ती नाकारली. विधवा आईचा एकुलता एक मुलगा आपल्या रुग्णालयात मेला तर तिला काय तोंड दाखवायचे, हा त्यांचा विचार होता.

तरीही प्रयोग झाला. तो कसा झाला याची दोन वर्णने खुद्द फोर्समान यांनीच मागे ठेवली आहेत. १९२९ च्या शोधनिबंधानुसार पहिल्या वेळी एका सहकारी डॉक्टरने त्यांच्या उजव्या कोपराच्या शिरेत जाड सुई घालून नळी ३५ सेंटिमीटरपर्यंत पुढे नेली. मग त्या सहकाऱ्याचा धीर सुटला आणि काम थांबले. आठवड्याने फोर्समान यांनी एकट्याने डाव्या हातावर प्रयोग केला.

बऱ्याच वर्षांनंतर लिहिलेल्या आत्मचरित्रात गोष्ट वेगळी आहे. निर्जंतुक उपकरणांचे कपाट शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिका गेर्डा डिट्झेन यांच्या ताब्यात होते. फोर्समान यांनी त्यांना आपली कल्पना समजावून सांगितली आणि त्या स्वतःवर प्रयोग करून घ्यायला तयार झाल्या. फोर्समान यांनी त्यांना टेबलावर झोपवून हातपाय बांधले, त्यांच्या हाताची तयारी केल्याचे सोंग केले आणि बाजूला वळून आपलाच कोपर बधिर करून कापला. डिट्झेन यांना हे कळले तेव्हा नळी आत जाऊ लागली होती.

पुढच्या भागाबद्दल दोन्ही वर्णनांत फारसा फरक नाही. नळी होती मूत्रवाहिनीत घालायची, जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची आणि ६५ सेंटिमीटर लांब. हृदयासाठी म्हणून वेगळी नळी तेव्हा अस्तित्वातच नव्हती. ती आत सरकताना त्यांना दुखले नाही, शिरेच्या वाटेने थोडी ऊब जाणवली एवढेच. नळी हातात तशीच ठेवून ते शस्त्रक्रियागृहातून निघाले आणि जिने ओलांडून चालत एक्स-रे विभागात गेले. एका परिचारिकेने पडद्यासमोर आरसा धरला. त्या आरशात स्वतःच्या छातीतली नळी पाहत त्यांनी ती आणखी पुढे ढकलली. टोक हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पोचले. त्यापुढे जायला नळीची लांबी पुरेना. त्यांनी एक्स-रे फोटो काढून घेतला.

तो फोटो का महत्त्वाचा?

या कथेत आपल्याला धाडस आधी दिसते. पण वैद्यकशास्त्राला उपयोगी पडला तो फोटो. निबंध छापून आल्यावर बर्लिनमधील एका ज्येष्ठ शल्यविशारदांनी दावा केला की असे काही आपण आणि आपल्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षांपूर्वीच केले होते. पण त्यांच्याकडे नळी नेमकी कुठे पोचली होती हे दाखवणारा एक्स-रे नव्हता. फोर्समान यांच्याकडे तो होता. नळी हृदयात आहे आणि माणूस उभा आहे, ही गोष्ट कोणीही पाहून तपासू शकत होते.

इथे एक बारकावा लक्षात घ्यावा. एक्स-रेमध्ये फोर्समान यांना नळी दिसली, शीर दिसली नाही. रक्त आणि आसपासचे मांस साध्या एक्स-रेत जवळजवळ एकसारखेच दिसते. शीर पाहण्यासाठी त्यांना कातडी कापावी लागली. कातडी कापून शीर उघडी करण्याची ही रीत पुढे कित्येक दशके टिकली. शॉकमधल्या रुग्णाला सुई लागत नसेल तर घोट्याजवळ चीर देऊन शीर शोधायची, हे डॉक्टरांच्या अनेक पिढ्या शिकल्या. त्याला कटडाउन म्हणतात. त्यात वेळ जातो, जखम होते, जंतुसंसर्गाचा धोका असतो. कातडी न कापता शीर पाहता येणे ही गोष्ट सोनोग्राफी येईपर्यंत शक्य नव्हती.

पहिला रुग्ण

५ नोव्हेंबर १९२९ रोजी बर्लिनच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात फोर्समान यांचा निबंध आला. त्यात स्वतःवरच्या प्रयोगाबरोबर एका रुग्णाचीही हकिगत आहे. पोटात पू पसरून अखेरच्या अवस्थेत पोचलेल्या त्या रुग्णाच्या शिरेतून त्यांनी नळी हृदयाजवळ नेली आणि तिच्यातून औषधे दिली. थोडा वेळ रुग्णाची स्थिती सुधारली, पण जीव वाचला नाही.

हा निबंध आज वाचताना कळते की फोर्समान यांच्या मनात हृदयाच्या तपासण्यांइतकाच कॅज्युअल्टीतला रुग्ण होता. आज आयसीयूमध्ये मानेत किंवा गळपट्टीच्या हाडाखाली जी सेंट्रल लाइन घालतात, तिचा हा पहिल्या काही वापरांपैकी एक म्हणता येईल.

कौतुकाऐवजी नोकरी गेली

श्नायडर आधी संतापले, पण एक्स-रे पाहिल्यावर शिष्याच्या पाठीशी उभे राहिले. फोर्समान बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात रुजू झाले. तिथले प्रमुख फर्डिनांड साउअरब्रुख हे त्या काळातले जर्मनीतले सर्वांत नावाजलेले शल्यविशारद. निबंध प्रसिद्ध झाला, वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला, आणि साउअरब्रुख यांनी या तरुणाला कामावरून काढून टाकले. त्यांच्या लेखी हे शास्त्र नव्हते, सर्कस होती.

फोर्समान यांनी लगेच हार मानली नाही. एक्स-रेत दिसेल असे औषध नळीतून सोडले तर हृदयाचे कप्पे आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या दिसतील, असा त्यांचा पुढचा विचार होता. त्यांनी आधी प्राण्यांवर प्रयोग केले. प्रयोगासाठीचे कुत्रे त्यांच्या आईने बर्लिनमधल्या आपल्या घरात सांभाळले. मग त्यांनी पुन्हा स्वतःच्याच शरीरात असे औषध सोडले. त्या काळच्या यंत्रांवर चित्रे अस्पष्ट आली. पण आज ज्याला आपण अँजिओग्राफी म्हणतो तिच्या दिशेने टाकलेले ते एक पाऊल होते.

दरवाजे मात्र उघडेनात. विद्यापीठातल्या मोठ्या डॉक्टरांचा आधार नसेल तर त्या काळच्या जर्मनीत संशोधन करणे अवघड होते. १९३३ मध्ये त्यांनी एल्स्बेट एंगेल या डॉक्टर तरुणीशी लग्न केले. पुढे त्यांना सहा मुले झाली. हृदयाचे काम सोडून फोर्समान मूत्रविकारांच्या शस्त्रक्रियांकडे वळले. ज्या नळीने त्यांचे नाव झाले होते, तिच्या मूळ शाखेकडे ते परत गेले.

नाझी पक्षाचे सदस्यत्व

फोर्समान १९३२ मध्ये नाझी पक्षाचे सदस्य झाले, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्याही आधी. १९४५ पर्यंत ते सदस्य होते. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी डॉक्टर म्हणून आघाडीवर होते आणि शेवटी अमेरिकी सैन्याच्या कैदेत गेले. युद्धानंतर या सदस्यत्वामुळे त्यांच्या डॉक्टरकीवर काही काळ बंदी आली. त्या काळात त्यांनी लाकूडतोडीचे कामही केले. नंतर दक्षिण जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट भागात पत्नीबरोबर खेड्यातला दवाखाना चालवला. १९५० पासून बाट क्रॉयत्सनाख या छोट्या शहरात ते मूत्रविकारतज्ज्ञ म्हणून काम करू लागले.

हा भाग गाळून त्यांचे चरित्र सांगता येत नाही. ज्या राजवटीच्या डॉक्टरांनी कैद्यांवर त्यांच्या संमतीशिवाय प्रयोग केले, त्या राजवटीच्या पक्षाचे ते सदस्य होते. स्वतःचा जीव पणाला लावणे आणि दुसऱ्याची संमती मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेर्डा डिट्झेन यांच्या बाबतीतही हेच दिसते. त्यांनी होकार दिला होता, पण त्या होकाराचा उपयोग त्यांना फसवून बांधून ठेवण्यासाठी झाला. युद्धानंतर न्युरेंबर्गच्या खटल्यातून माणसांवरच्या प्रयोगांचे नियम पुढे आले आणि संमती हा त्यांतला पहिला नियम ठरला. आज एबर्सवाल्डेसारखा प्रयोग कोणत्याही रुग्णालयाची नैतिकता समिती मान्य करणार नाही.

न्यूयॉर्कमध्ये काम पुढे गेले

जर्मनीत अडकलेली कल्पना अमेरिकेत वाढली. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स हे दोघे हृदय आणि फुप्फुस यांचा एकत्र अभ्यास करत होते. हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त मिळाले तर हृदय दर मिनिटाला किती रक्त फेकते हे मोजता येणार होते. त्यांनी फोर्समान यांची पद्धत घेतली, नळ्या सुधारल्या आणि १९४० च्या सुमारास माणसांवर ती नियमित वापरायला सुरुवात केली.

युद्धाच्या वर्षांत त्यांनी याच नळीने अपघात आणि रक्तस्रावामुळे शॉकमध्ये गेलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. अशा रुग्णाच्या हृदयाकडे परत येणारे रक्तच कमी पडते, म्हणून ते लवकर भरून काढावे लागते, ही समज अशा मोजमापांतून पक्की झाली. कॅज्युअल्टीत आल्याआल्या सुई लावून द्रव आणि रक्त देण्याची आजची घाई याच समजुतीवर उभी आहे.

१९५६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक कुर्नां, रिचर्ड्स आणि फोर्समान या तिघांना मिळून जाहीर झाले. तेव्हा फोर्समान एका छोट्या शहरात मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रिया करत होते. हृदयशास्त्र त्यांच्या खूप पुढे निघून गेले होते आणि परत त्या शाखेत जाऊन संशोधन करणे त्यांना शक्य नव्हते. १९५८ मध्ये ते ड्युसेलडॉर्फच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले. १ जून १९७९ रोजी शोप्फहाइम येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

एक्स-रेपासून सोनोग्राफीपर्यंत

फोर्समान यांच्या हयातीतच शिरेची वाट सोपी होत गेली. १९५२ मध्ये ओबानियाक या फ्रेंच डॉक्टरांनी गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेत थेट सुई घालण्याची रीत सांगितली. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुईतून तार आणि तारेवरून नळी घालण्याची युक्ती दिली, त्यामुळे शीर कापण्याची गरज बरीच कमी झाली. पण सुई घालणे मात्र अंदाजानेच राहिले. हाड कुठे, धमनीचा ठोका कुठे, त्यावरून शीर कुठे असेल हे ताडायचे. शिरेची जागा माणसागणिक थोडी बदलते. त्यामुळे चूक झाली की सुई धमनीत जाई किंवा फुप्फुसाला टोचे.

१९७८ मध्ये डॉप्लर ध्वनिलहरींनी मानेतली शीर शोधण्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला. १९८० च्या दशकात शीर आणि सुई दोन्ही पडद्यावर पाहत काम करणे सुरू झाले. २००२ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शन संस्थेने मानेतल्या शिरेत लाइन घालताना सोनोग्राफी वापरावी अशी शिफारस केली.

हातातल्या शिरांसाठीही ही पद्धत आली. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका इमर्जन्सी विभागातल्या सुमारे १०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या रुग्णांना नेहमीच्या पद्धतीने सुई लागली नव्हती. सोनोग्राफीने दंडातली खोल शीर पाहून सुई घातल्यावर ९१ टक्के रुग्णांमध्ये यश आले आणि ७३ टक्के रुग्णांमध्ये पहिल्याच प्रयत्नात. म्हणजे एरवी ज्यांच्या मानेत लाइन घालावी लागली असती, अशा अनेकांचे काम हातावरच भागले.

आज हे कसे करतात?

• दंडाला पट्टा बांधतात आणि जेल लावून प्रोब ठेवतात. रक्तवाहिन्या पडद्यावर काळ्या गोल ठिपक्यांसारख्या दिसतात.

• प्रोबने हलके दाबले की शीर चपटी होते. धमनी सहज दबत नाही आणि ठोके देत राहते. शीर आणि धमनी ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे.

• दंडाच्या आतल्या बाजूची बॅसिलिक शीर बहुधा निवडतात. ती खोल असल्याने वरून दिसत नाही, पण म्हणूनच पूर्वीच्या टोचण्यांनी खराब झालेली नसते.

• सुईचे टोक पडद्यावर पाहत हळूहळू पुढे नेतात. टोक नजरेआड झाले तर सुई थांबवून आधी ते शोधायचे असते.

• सुई शिरेत शिरल्यावर बारीक प्लॅस्टिकची नळी, म्हणजे कॅन्युला, आत सरकवून सुई काढून घेतात.

फोर्समान यांनी आरशात पाहत जे केले, त्याचीच ही सुधारलेली आवृत्ती आहे. फरक असा की इथे नळीबरोबर शीरही दिसते, कातडी कापावी लागत नाही आणि एक्स-रेचे किरणही लागत नाहीत.

मर्यादा कोणत्या?

पडदा आहे म्हणून धोका शून्य होत नाही. दंडातल्या खोल शिरेशेजारीच मोठी धमनी आणि नस असते. वर सांगितलेल्या अभ्यासातही २ टक्के रुग्णांमध्ये सुई धमनीत गेली होती, आणि ८ टक्के रुग्णांमध्ये तासाभरात कॅन्युला निसटली किंवा औषध बाहेर झिरपले.

निसटण्यामागचे गणित सोपे आहे. शीर दीड सेंटिमीटर खोल असेल आणि सुई ४५ अंशांत तिरकी घातली, तर शिरेपर्यंत पोचायलाच सुमारे २.१ सेंटिमीटर लागतात. नेहमीची कॅन्युला सव्वातीन सेंटिमीटरची असेल तर शिरेत जेमतेम एक सेंटिमीटर उरते. हात हलला की ती बाहेर येते. म्हणून खोल शिरेसाठी लांब कॅन्युला वापरतात.

शिवाय हे काम सरावाचे आहे. हृदय बंद पडलेल्या रुग्णाजवळ शीर शोधत बसण्यापेक्षा नडगीच्या हाडात विशेष सुई घालून औषध देणे अधिक जलद ठरू शकते. आणि ज्याची शीर हातावर ठसठशीत दिसते आहे त्याला मशीनची गरजच नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे. गर्भलिंग तपासणी रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिल्यांदा कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्यानुसार सोनोग्राफी मशीनची नोंदणी बंधनकारक आहे आणि सहज उचलून नेता येणाऱ्या मशीनवर जास्त कडक अटी आहेत. त्यामुळे कॅज्युअल्टीतले छोटे मशीनही नोंदणीकृत असावे लागते. या कायद्यामागचे कारण गंभीर आहे. त्याचे पालन करूनच रुग्णालयांना ही सोय उभी करावी लागते.

रुग्णाने आणि नातेवाइकांनी काय सांगावे?

• पूर्वी सुई लावताना खूप त्रास झाला असेल तर आल्याआल्या सांगा. कोणत्या हातावर, कुठे लागली होती तेही सांगा.

• डायलिसिससाठी हातावर फिस्टुला केला असेल तर त्या हाताला सुई लावू देऊ नका आणि हे प्रत्येक वेळी सांगा. मूत्रपिंडाचा आजार वाढत चालला असेल तर पुढे फिस्टुला करावा लागू शकतो. तेही सांगा, म्हणजे दंडातल्या शिरा जपता येतील.

• स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर कोणत्या बाजूच्या ते सांगा.

• केमोथेरपी, सिकलसेल किंवा वारंवार दाखल व्हावे लागणारे आजार असतील तर शिरा खराब झालेल्या असू शकतात. दोन प्रयत्न फसल्यावर सोनोग्राफीची सोय आहे का, असे शांतपणे विचारायला हरकत नाही.

• सुई घालताना हातात विजेसारखी कळ गेली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा. सुई नसेला लागली असण्याची शक्यता असते.

• सलाईन चालू असताना जागा सुजली, गार पडली, आग झाली किंवा पट्टी ओली झाली तर परिचारिकेला बोलवा. दंडातली शीर खोल असल्याने सूज उशिरा दिसते, म्हणून दुखण्याकडे दुर्लक्ष करू नका.

बेशुद्ध रुग्णाच्या वतीने ही माहिती नातेवाइकांनाच द्यावी लागते. घरात असा रुग्ण असेल तर या गोष्टी एका कागदावर लिहून त्याच्या औषधांच्या फाइलमध्ये ठेवा.